पोरींचा पट

सातारा जिल्हा संपत आला की औंधवरून विट्याकडे जाताना उजव्या हाताला एक खडीचा रस्ता फुटतो, आणि पिंपळखोऱ्यात येऊन संपतो. तिथलं जनता हायस्कूल गावानं वर्गणी काढून आणि श्रमदान करून एकसष्ट साली उभं केलं. चार खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढं मुरमाचं मैदान. बहात्तर सालच्या जूनमध्ये शाळेचा पट एकशे चौसष्ट होता. त्यात एकतीस पोरी. या एकतीस पोरींपैकी एकीचंही घर असं नव्हतं, जिथं मनुबाई निकम दोन-तीनदा जाऊन बसल्या नव्हत्या.

शाळेत बाईमाणूस अशा त्या एकट्याच. त्यामुळं त्यांना नाव लावायची कुणाला गरजच पडायची नाही. ‘बाईंनी बोलावलंय’ म्हटलं की झालं.

मनुबाईंचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी मोडलं. नवरा लष्करात होता, काश्मीरच्या आघाडीवर गेला तो गेलाच. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. वडील शहाणे, त्यांनी पोरीला औंधला मामाच्या घरी ठेवलं आणि शाळेत घातलं. अठरा वर्षांची विधवा बारा-तेरा वर्षांच्या पोरांमध्ये मांडी घालून बसली. पोरं हसायची. ती खाली मान घालून गणितं करायची. मॅट्रिक झाली, मास्तरकीचं सर्टिफिकेट घेतलं, आणि पिंपळखोऱ्यात हायस्कूल निघालं तेव्हा पहिल्या चार मास्तरांत तिचं नाव लागलं. नियमाप्रमाणं बाईंनी पाचवी ते सातवीच शिकवायची. पण गणिताचा पदवीधर या आडगावात यायलाच तयार नव्हता, म्हणून आठवीच्या पुढचं गणितही बाईंकडंच आलं. त्या सूत्रं तोंडपाठ करून घ्यायच्या. चुकलं की हातावर पट्टी. निकाल यथातथाच लागायचा, पण कुणी तक्रार करत नव्हतं, कारण तक्रार करायला दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

बाईंचा खरा पराक्रम पटाचा. पूर्वेच्या अंगाला माळावर खरातवस्ती होती, धनगरांची. तिथून पोरगी शाळेत आणणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. एकोणसत्तर साली बाईंनी बिराप्पा खरातच्या बयाला पाचवीत आणली. बिराप्पा म्हणाला, “आवं बाई, मी मेंढरं घिऊन आठ म्हैने बाहीर. ही शाळंत बसली तर कोकरं कुनी बघायची?” बाई तीनदा गेल्या. चौथ्यांदा गेल्या तेव्हा बिराप्पा नुसता हसला आणि म्हणाला, “न्या.”

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली. दिवाळीनंतर पट सत्त्याण्णववर आला आणि शाळा बंद पडायची भाषा सुरू झाली. बाईंनी हजेरीपत्रक पिशवीत घातलं आणि दर रविवारी कामावर जाऊन, डोक्याला पदर बांधून, पोरांना झाडाखाली बसवून पाढे म्हणवून घेतले. पुढच्या वर्षी त्यातली साठ परत आली. स्कूल कमिटीचे चेअरमन भाऊसो यांनी पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर सांगितलं, “बाईंनी पट राखला म्हनून शाळा हाय.” बाईंनी ते वाक्य मनात जपून ठेवलं.

त्याच वर्षी, त्र्याहत्तरच्या जूनमध्ये, शालूबाई खोत आल्या.

सांगलीच्या. बी.एस्सी., बी.एड. चोवीस वर्षांच्या. एस.टी.तून उतरल्या त्या ट्रंक आणि सायकल घेऊन. बाईमाणसानं सायकल चालवलेली गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक बदललं. आठवीच्या पुढचं सगळं गणित आणि शास्त्र शालूबाईंकडं गेलं.

“बाई, तुमचा भार हलका झाला,” हेडमास्तर म्हणाले.

“व्हय, बरं झालं,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी दुपारची भाकरी त्यांनी तशीच परत नेली.

पहिली कळ आली ती एका शब्दानं. पंधरा दिवसांत पोरींनी दोघींना ओळखायची सोय करून घेतली. एक ‘शालूबाई’ आणि दुसऱ्या ‘मोठ्या बाई’. बारा वर्षं ज्यांना नुसतं बाई म्हणत होते, त्या एकदम मोठ्या झाल्या. मोठ्या म्हणजे म्हाताऱ्या, हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या.

मग पुढं रोजच काहीतरी व्हायला लागलं. सातवीच्या वर्गाला लागून नववीचा वर्ग, मधे नुसता कुडाचा आडोसा. बाई इकडं कविता पाठ करून घेत असायच्या आणि पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. गणिताच्या तासाला हसणं. बाई थांबून ऐकायच्या. शालूबाई विचारत असायच्या, “विहिरीचं पाणी किती, हे मोजायला विहिरीत उतरायचं का?” आणि बयाचा आवाज, “न्हाई बाई, दोरी सोडायची.” ‘बाई’ म्हणाली ती. ती हाक आता पलीकडच्या भिंतीला जात होती.

बया मधल्या सुट्टीत आधी बाईंच्या टेबलाशी यायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. ती आता शालूबाईंची सायकल धरून मैदानात फेऱ्या मारत होती. बाईंनी एकदा तिला हटकलं, “तांब्या रिकामा हाय गं.” बयानं धावत जाऊन भरून आणला आणि धावतच परत गेली. तांब्या भरलेला बघून बाईंना आणखीनच वाईट वाटलं.

चौऱ्याहत्तरचा निकाल लागला. आदल्या साली एकतीसांपैकी नऊ पोरं पास झाली होती. यंदा अठ्ठावीसांपैकी सतरा. तालुक्याहून साहेब तपासणीला आले, त्यांनी गणिताच्या वह्या चाळल्या आणि शेरेबुकात शालूबाईंचं नाव घालून चार ओळी लिहिल्या. बाईंच्या बारा वर्षांत शेरेबुकात त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. जूनमध्ये नवीन नावं घालायला लोक आपणहून आले. पोरींचा पट बावन्नवर गेला. एकाही घरी जाऊन बसावं लागलं नाही. जनरल रजिस्टर बाईंकडं असे, म्हणून ती नवी नावं त्यांनाच आपल्या वळणदार अक्षरात लिहावी लागली. आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता हे त्यांचं त्यांना कळत होतं. लिहिताना त्या मनात म्हणत होत्या, ही झाडं मी लावली, आणि सावलीत बसायला ही आली.

त्या वर्षी दहावीची नवी परीक्षा पहिल्यांदाच होणार होती. जुनी अकरावीही त्याच मार्चमध्ये. सगळ्यांचीच धांदल. दहावीत नऊ पोरी होत्या. चार वस्तीवरच्या, पाच गावातल्या. शालूबाईंनी ठरवलं, पौष लागला की नऊही पोरींना आपल्या खोलीवर मुक्कामाला ठेवायचं आणि संध्याकाळ-सकाळ अभ्यास घ्यायचा. शास्त्रातले काही धडे त्यांना एकटीला उरकत नव्हते, म्हणून शाळेतलेच सयाजी सर संध्याकाळी तासभर येऊन सोप्यात बसून ते शिकवायचे. सयाजी सर बिनलग्नाचे. दार सताड उघडं, समोर रस्ता, पलीकडं घरमालकाची म्हातारी जात्यावर. लपवण्यासारखं काही नव्हतं.

मनुबाईंना कुणी बोलावलं नाही. भूगोल, मराठी त्यांनाही येत होतं. त्या आठ दिवस वाट बघत राहिल्या.

मग एका दुपारी पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसल्या असताना चेअरमनांची बायको भामाबाई शेजारी आली. तिची पुतणी साळू त्या नऊ जणींतली.

“काय बाई, पोरींचा अब्यास जोरात हाय म्हनं,” भामाबाई म्हणाली.

“असंल,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून पुढं म्हणाल्या, “सयाजी सर बी असत्यात तिथं संध्याकाळी.”

“सर? त्ये कशाला?”

“शिकवाया. असं म्हनत्यात बाबा. मी काय बघाया गेले न्हाई.”

एवढंच. यात एक शब्द खोटा नव्हता. गिरणीचा पट्टा सुरू झाला, पीठ दळून झालं, बाई डबा घेऊन घरी आल्या. वाटेत त्यांना फार दिवसांनी हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी शालूबाईंच्या खोलीपुढून सात पोरींच्या वळकट्या घरच्यांनी उचलून नेल्या. सहाव्या दिवशी भाऊसोंनी हेडमास्तरांना बोलावून घेतलं. शालूबाईंचे डोळे सुजलेले होते, पण त्या तास घेत होत्या. सयाजी सर रजेवर गेले. आणि दहाव्या दिवसापर्यंत नऊपैकी पाच पोरी शाळेतच यायच्या बंद झाल्या. साळूला पाहुणे बघून गेले.

बाईंना वाटलं होतं, शालूबाईंचा तोरा उतरेल, फार तर अभ्यास बंद पडेल. पोरींच्या पायाखालची वाट मोडेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण कितीदा त्या घरांतून ‘पोरीची जात हाय, लोक काय म्हनतील’ हे ऐकून, त्याला उत्तर देत देत नाक घासलं, आणि आता ते आपणच बोललो.

माघ लागता लागता बिराप्पा आला. मेंढरं तिकडं नदीकाठी भावाच्या हवाली करून, दोन दिवस चालून आला होता. ऑफिसात बाई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. त्यानं दारातच पागोटं काढलं.

“बयाचा दाखला पायजे बाई.”

“कशाला?”

“कशाला म्हंजी. घरी नेतो.”

दाखले लिहायचं काम बाईंचंच. कोरा फॉर्म त्यांनी पुढं ओढला. नाव लिहिलं, बया बिराप्पा खरात. जात लिहिली, जन्मतारीख लिहिली. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. मग रकाना आला, शाळा सोडण्याचे कारण. टाक दौतीत बुडवला आणि तसाच हातात राहिला. शाई कागदावर पडून डाग झाला.

“फॉर्म खराब झाला,” बाई म्हणाल्या. “उद्या ये.”

“मी लांबनं आलोय.”

“मग मीच येते वस्तीवर. संध्याकाळच्या आत येते.”

शाळा सुटल्यावर त्या माळ तुडवत निघाल्या. दोन मैलांची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. बया घराच्या मागं शेळीला पाला टाकत होती. तिनं बाईंकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बिराप्पानं घोंगडं पसरलं.

“दाखला आनला?”

“न्हाई. बिराप्पा, ते गिरणीतलं बोलणं माझं हाय. मी भामाबाईला सांगितलं.”

बिराप्पा नीट बसला. “मग? खोटं व्हतं व्हय?”

“खोटं न्हवतं. सर येत व्हते, शिकवत व्हते आन जात व्हते. दार उघडं असायचं. मी त्यातलं निम्मं सांगितलं आन निम्मं ठेवलं.”

“का?”

बाईंनी तांब्या बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, “मला तिचा हेवा वाटत व्हता. समद्या पोरी तिच्याकडं जात्यात. तुझी बया बी.”

बिराप्पानं तंबाखू मळली आणि म्हणाला, “आवं बाई, तुमी शिकल्याली मानसं. मी आपला तुमच्यावर इस्वास ठिवून पोरगी दिल्याली. त्या सांगलीवाल्या बाईला म्या बगितली बी न्हाई.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“मग माझ्यावर आनखी एकदा ठेव,” बाई म्हणाल्या. “परीक्षेपातूर पोरी माझ्या घरी राहतील. मी रांडमुंड बाई, माझ्या घरी कोन बोट दावत न्हाई. बया पास झाली न्हाई तर मला काय म्हनायचं ते म्हन.”

बिराप्पानं बयाकडं पाहिलं. ती शेळीची दोरी हातात धरून उभी होती.

“मार्च म्हंजी कवा?” त्यानं विचारलं.

“शिमग्याच्या आसपास.”

“तवर ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई बाकीच्या चार घरी गेल्या आणि चारही ठिकाणी तेच सांगितलं. एका घरी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. भामाबाईकडं गेल्या तेव्हा तिथं सुपारी फुटली होती. “आता काय उपेग बाई,” भामाबाई म्हणाली, “पावनं चांगलं हायती.” साळू चुलीपुढं बसली होती. ती मागं वळली नाही. तिचं लग्न परीक्षेच्या आधी आठ दिवस लागलं, आणि बाई अक्षता टाकायला गेल्या. त्या घरची बोलणी ऐकून घ्यायला कुणीतरी जायला हवं होतं.

सात पोरी बाईंच्या घरी मुक्कामाला आल्या. आता गणित शिकवायला शालूबाईंना बोलवायचं, म्हणजे त्यांच्या खोलीवर जायचं. बाई गेल्या. शालूबाई वह्या तपासत होत्या.

“पोरी माझ्याकडं हायत. तुमी याल का शिकवायला?”

“येते की.”

“एक सांगायचंय,” बाई म्हणाल्या. “ते बोलणं...”

“मला ठाऊक आहे बाई,” शालूबाई म्हणाल्या. “भामाकाकूंनी त्याच दिवशी सांगितलं मला. किती वाजता येऊ?”

म्हणजे तीन आठवडे या पोरीला ठाऊक होतं. तीन आठवडे ती रोज सकाळी ‘नमस्कार बाई’ म्हणत होती. तिनं एकदा फाडकन विचारलं असतं, हेडमास्तरांकडं गेली असती, तर हिशेब फिटला असता. घरी येताना बाईंच्या मनात आलं ते असं, की हेही तिलाच जमलं. आपल्याला जमलं नसतं. आणि माफी मागून परतताना जो मोकळेपणा वाटायला हवा, तो न वाटता तीच जुनी कळ छातीत घेऊन त्या घरात शिरल्या.

पुढचे पाच-सहा आठवडे रोज संध्याकाळी शालूबाई मनुबाईंच्या ओसरीवर बसून शिकवत. बाई आत भाकऱ्या थापत. सगळं ऐकू येई. भूमितीचा सिद्धांत शालूबाई आधी सांगतच नसत. दोरी, काड्या, परातीची कड, असलं काहीतरी घेऊन पोरींनाच तो शोधायला लावत, आणि पोरीला सापडला की मग म्हणत, “बघ, पुस्तकातही तुझंच लिहिलंय.” बाईंनी हेच सिद्धांत बारा वर्षं पाठ करून घेतले होते. तव्यावर भाकरी करपली तरी त्यांना कळत नसे. आपल्या हाताखालून गेलेली ती सगळी नापास पोरं त्यांना आठवत. ती ढ होती असं त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

एकदा बया भाकरी न्यायला आत आली. बाईंनी विचारलं, “माझं शिकवलेलं कळत न्हवतं का गं तुला?”

बया खरं बोलणारी पोर. “पाठ व्हायचं,” ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “पर पाठ हाय म्हनून आता लौकर कळतंय.”

बाईंनी तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

परीक्षेचं केंद्र औंधला होतं. दोघी बाया पोरींबरोबर गेल्या, मामाच्या जुन्या घरी उतरल्या. साळू आणि उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्या घरची पोरगी, अशा दोघी बसल्या नाहीत. सात बसल्या. निकाल लागला तेव्हा सातांपैकी पाच पास. बया शाळेत पहिली आली. मुलगे धरून पहिली. भाऊसोंनी पेढे वाटले आणि भाषणात म्हणाले, “शालूबाईंनी गावाचं नाव काडलं.” बाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. टाळ्या खऱ्या होत्या आणि पोटातली आगही खरी होती. दोन्ही एका वेळी असू शकतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दोन पोरींची नावं त्यांच्या रजिस्टरात ‘शाळा सोडली’ या शेऱ्यासह होती. तो शेरा त्यांच्याच अक्षरात होता. ते पान उलटताना शेऱ्याला लागू नये म्हणून त्या बोट जरा वर धरत.

पुढं शालूबाईंचं आणि सयाजी सरांचं लग्न झालं. गावात काही जण म्हणाले, मनुबाई तेव्हाच म्हणत होत्या. बाई त्यावर रागावून उठून जात. पटानं दोनशेचा आकडा ओलांडला. गणित बाईंकडं परत आलं नाही. पण त्यांनी पाचवीच्या वर्गात दोरी आणि काड्या आणल्या, आणि पट्टी कपाटात ठेवून दिली. हे त्या कुणाकडून शिकल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली बया साताऱ्याला मास्तरकीचा कोर्स करत होती. तिचं एक पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर शालूबाईंचं नाव. पोस्टमननं ते बाईंच्या हातात दिलं, आणि बाईंनी ते मधल्या सुट्टीत नेऊन शालूबाईंच्या टेबलावर ठेवलं. शालूबाईंनी तिथंच फोडून मोठ्यानं वाचलं. वसतिगृह, मैत्रिणी, गणिताचे मास्तर, पहिल्यांदा सायकलवरून पडली ते. दोन पानं भरून. शेवटी एक ओळ होती, मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी दाखला दिला नाही म्हणून मी इथं आहे.

“बघा बाई,” शालूबाई म्हणाल्या, “आठवण काढली तुमची.”

“व्हय,” बाई म्हणाल्या. दोन पानं शालूबाईंना आणि एक ओळ आपल्याला. पण त्यांनी पत्र मागून घेतलं, चष्मा लावला, आणि ती एक ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात घंटा झाली. पत्र घडी घालून त्यांनी शालूबाईंना परत दिलं आणि त्या पाचवीच्या तासाला गेल्या.